पाठवलेला मेल जातो पण आलेला दिसत नाही, आणि दर काही महिन्यांनी तेच: डोव्हकॉट, पोस्टफिक्स आणि टीएलएसची भानगड

"कालपर्यंत नीट चालू होतं, कशाला हात लावला नाही, आज सकाळपासून मोबाईलवर मेल येत नाहीये." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता पुढचा प्रश्न आपोआप तोंडातून निघतो, पाठवलेला जातोय का? आणि बहुतेक वेळा उत्तर येतं, हो, तो जातोय की. लोक हे शेवटी सांगतात, विचारलं तर सांगतात, पण अर्धं उत्तर तिथेच असतं.

आधी एक गोष्ट, इथे सेटिंगची नावं मी देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये ती इंग्रजीत असतात आणि शब्दांच्या मधे अंडरस्कोअर असतो, तेवढं समजून घ्या.

तर माझं स्वतःचं काय झालं ते सांगतो. मेल पाठवणारा-स्वीकारणारा पोस्टफिक्स आणि आलेला मेल फोनला वाचायला देणारा डोव्हकॉट असा साधा सेटअप, टीएलएससाठी, म्हणजे कनेक्शनच्या एन्क्रिप्शनसाठी, लागणारं सर्टिफिकेट (सर्व्हरचं ओळखपत्र) लेट्स एन्क्रिप्ट या फुकट सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेचं, ते रिन्यू करायला सर्टबॉट हा प्रोग्रॅम टायमरवर लावलेला. एका सकाळी सगळ्यांच्या फोनवर "सर्टिफिकेटची मुदत संपली" अशी वॉर्निंग. मी सर्व्हरवर जाऊन फाइल बघितली, फाइलमधलं सर्टिफिकेट अजून दोन महिने चालणारं. सर्टबॉटचा लॉग बघितला, रिन्यू सक्सेसफुल, तेही महिन्यापूर्वीच. मग काल काय बदललं ते शोधत बसलो, कुठलं पॅकेज अपडेट झालं का, फायरवॉल, डीएनएस, सगळं चाळलं, काहीच नाही. शेवटी वैतागून डोव्हकॉट रिस्टार्ट केला आणि मेल सुरू. वहीत लिहून ठेवलं, "रिस्टार्टने जातं". आणि विसरलो. पुन्हा तेच झालं चार महिन्यांनी, दोन नाही, म्हणून तर पॅटर्न लवकर कळला नाही, मधल्या वेळी कर्नल अपडेटसाठी मशीन रीबूट झालं होतं आणि त्या रीबूटने ती खेप झाकून टाकली.

खरा हिशोब असा आहे. सर्टिफिकेट ९० दिवसांचं. सर्टबॉट ते संपायच्या ३० दिवस आधी, म्हणजे साधारण साठाव्या दिवशी नवीन आणतो. फाइल बदलली, पण चालू असलेल्या डोव्हकॉटने सर्टिफिकेट सुरू होतानाच वाचून मेमरीत ठेवलेलं असतं, त्याला रीलोड सांगितल्याशिवाय तो जुनंच दाखवत राहतो. जुनंही अजून ३० दिवस व्हॅलिड असतं म्हणून कुणालाच काही जाणवत नाही. नव्वदावा दिवस उलटला की बोंब. म्हणजे चूक झाली महिन्यापूर्वी आणि ओरड आज, आणि आपण कालचे लॉग चाळत बसतो.

आणि पाठवलेला मेल का जातो? कारण पोस्टफिक्सच्या एसएमटीपीडी, म्हणजे मेल स्वीकारणाऱ्या, प्रोसेस आयुष्याने छोट्या असतात, डीफॉल्टला १०० कनेक्शन झाली किंवा १०० सेकंद रिकामी बसली की प्रोसेस मरते आणि नवीन येते, ती नवीन येताना फाइल पुन्हा वाचते. त्याला नवं सर्टिफिकेट न सांगता मिळून जातं. म्हणून मेल पाठवायच्या ४६५ आणि ५८७ पोर्टवर नवीन, वाचायच्या ९९३ वर जुनं, एकाच मशीनवर एकाच नावाची दोन सर्टिफिकेट फिरत असतात.

हे खात्रीने बघायचं असेल तर फाइल उघडून बघू नका, तारेवर काय येतंय ते बघा. टीएलएस हाताळणाऱ्या ओपनएसएसएलच्या एस-क्लायंट कमांडने ९९३ ला कनेक्ट करायचं, सर्व्हरनेम ऑप्शनमध्ये मेल सर्व्हरचं नाव द्यायचं आणि जे आउटपुट येईल ते पाइप करून एक्स५०९ कमांडला देऊन डेट्स आणि सिरियल (सर्टिफिकेटचा अनुक्रमांक) मागायचं. तेच फाइलवर चालवायचं. दोन्ही सिरियल सारखे आले तर हा प्रॉब्लेम नाही, पुढचं वाचा. वेगळे आले तर सापडलं. ५८७ आणि २५ (दुसऱ्या सर्व्हरकडून मेल येतो ते पोर्ट) साठी त्याच कमांडमध्ये स्टार्टटीएलएस एसएमटीपी असं सांगावं लागतं, कारण तिथे बोलणं साधं सुरू होऊन मग एन्क्रिप्ट होतं, नाहीतर कनेक्शनच जुळत नाही.

उपाय एका ओळीचा आहे, लेट्स एन्क्रिप्टच्या फोल्डरमध्ये रिन्यूअल-हुक्स, त्यात डिप्लॉय, त्यात एक छोटी स्क्रिप्ट (हुक, म्हणजे नवं सर्टिफिकेट आलं की आपोआप चालणारी) ठेवायची जी डोव्हकॉट आणि पोस्टफिक्स दोघांना रीलोड करते. रिस्टार्ट नको, रीलोड पुरतो. पण इथे दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पडलोय. एक, स्क्रिप्टला एक्झिक्युट परमिशन दिली नाही तर सर्टबॉट ती गपचूप सोडून देतो, आपल्याला वाटतं हुक लावलाय. दोन, ड्राय रन (रिन्यूची नुसती तालीम) केला आणि सगळं हिरवं आलं म्हणून खूश होऊ नका, ड्राय रनमध्ये डिप्लॉय हुक आपणहून चालत नाहीत. स्क्रिप्ट हाताने चालवून बघा आणि मग ९९३ वरचा सिरियल पुन्हा तपासा. ज्यांचं मेल कंटेनरमध्ये (मशीनच्या आतल्या वेगळ्या कप्प्यात) आहे त्यांच्यासाठी तिसरा खड्डा, होस्टवरचा हुक होस्टवरचा डोव्हकॉट रीलोड करायला जातो, जो तिथे नाहीच, स्क्रिप्टमधून कंटेनरच्या आत जाऊन रीलोड करायला हवा.

अजून एक प्रकार बघितलाय, कुणीतरी सुरुवातीला सर्टिफिकेट आणि त्याची प्रायव्हेट की दुसऱ्या फोल्डरमध्ये कॉपी केलेली असते, "परमिशन येत नव्हती म्हणून". मग हुक असो नसो, कॉपी जुनीच राहते. याची गरज नसते हो, पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट दोघंही ती की रूट (पूर्ण अधिकार असलेला युजर) असतानाच वाचतात आणि मग अधिकार सोडतात, कीची फाइल फक्त रूटलाच वाचता येईल अशी असली तरी चालतं. सरळ लाइव्ह फोल्डरमधल्या फुलचेन फाइलचा पत्ता द्या. फुलचेनच, नुसती सर्ट नाही, नुसती दिली तर मधलं सर्टिफिकेट (तुमचं सर्टिफिकेट मूळ संस्थेशी जोडणारं) जात नाही आणि काही क्लायंट चालतात काही अडतात असा तमाशा होतो.

हे आता जास्त वेळा होणार आहे, त्यामुळे हाताने रीलोड करायची सवय सोडाच. लेट्स एन्क्रिप्ट आधी मुदत संपत आली की मेल पाठवायचे, ते त्यांनी जून २०२५ मध्ये बंद केले. आणि पब्लिक सर्टिफिकेटची जास्तीत जास्त मुदत सीए/ब्राउझर फोरमने, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था (सीए) आणि ब्राउझरवाल्यांच्या मंडळाने, ठरवून उतरवत आणलीये, १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १००, आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस. म्हणजे जे लोक विकतचं वर्षाचं सर्टिफिकेट घेऊन वर्षातून एकदा हाताने टाकायचे त्यांच्याही वाट्याला हे आलं. मी एक रोज आपोआप चालणारा क्रॉन लावलाय, २५, ४६५, ५८७, ९९३ चारही पोर्टवरून सर्टिफिकेट घेतो आणि एक्स५०९ च्या चेकएंड ऑप्शनला १२०९६०० सेकंद, म्हणजे १४ दिवस देतो, त्याच्या आत संपणारं असेल तर मला मेसेज. मेसेज मेलने पाठवू नका एवढं फक्त, मेलच बंद असेल तर कुठून येणार.

आता समजा सिरियल जुळतोय, तारखा ठीक आहेत, तरी काही लोकांचं अडलंय. मग लॉग. डोव्हकॉटच्या लॉगमध्ये असं काहीतरी दिसतं, "एसएसएल अ‍ॅक्सेप्ट फेल्ड", मग एक लांबलचक एरर कोड, मग "एसएसएलव्ही३ अ‍ॅलर्ट सर्टिफिकेट एक्स्पायर्ड, एसएसएल अ‍ॅलर्ट नंबर ४५". इथे एसएसएलव्ही३ वाचून किती जणांनी एसएसएल ३ (टीएलएसचं जुनं, बाद झालेलं रूप) कुठे चालू राहिलंय ते शोधण्यात दिवस घालवलाय देव जाणे. ते फक्त ओपनएसएसएलच्या जुन्या मेसेजचं नाव आहे, टीएलएस १.३ वर सुद्धा तेच छापून यायचं. त्याकडे दुर्लक्ष करा, शेवटचा नंबर बघा.

आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नंबर आहे की नाही ते बघा. अ‍ॅलर्ट नंबर छापलाय याचा अर्थ नकार समोरच्याने दिलाय, आपला सर्व्हर फक्त त्याचं म्हणणं लिहून ठेवतोय. ४५ म्हणजे सर्टिफिकेट संपलंय, ४८ म्हणजे त्याला तुमचा सीए ओळखीचा नाही किंवा मधलं सर्टिफिकेट मिळालं नाही, ४२ आणि ४६ म्हणजे सर्टिफिकेट पटलं नाही पण नक्की का ते सांगत नाही, ७० म्हणजे टीएलएसची व्हर्जन जुळली नाही, ४० म्हणजे एकमत झालं नाही एवढंच. पण नंबर नाहीये आणि नुसतं "अनसपोर्टेड प्रोटोकॉल" किंवा "नो शेअर्ड सायफर" (दोघांना चालेल अशी एन्क्रिप्शनची पद्धत नाही) लिहिलंय तर नकार आपण दिलाय. पहिल्यात दुरुस्ती सर्टिफिकेटमध्ये किंवा समोरच्या मशीनवर असते, दुसऱ्यात आपल्या कॉन्फिगमध्ये. हे न बघता लोक दोन्ही टोकांना एकदम सेटिंग बदलत सुटतात आणि मग कशाने सुरू झालं तेही कळत नाही.

"राँग व्हर्जन नंबर" हा एरर मात्र साफ फसवा आहे. व्हर्जनचा काही संबंध नाही. क्लायंटमध्ये ५८७ पोर्ट आणि सिक्युरिटी एसएसएल/टीएलएस निवडलं की हा येतो. ५८७ वर सर्व्हर आधी साध्या अक्षरात २२० म्हणून नमस्कार करतो आणि मग स्टार्टटीएलएसने एन्क्रिप्शन सुरू होतं, क्लायंट मात्र पहिल्या बाइटपासून टीएलएस येणार म्हणून बसलेला, तो ते २२० टीएलएसचा रेकॉर्ड म्हणून वाचायला जातो आणि म्हणतो ही कुठली व्हर्जन. ४६५ ला एसएसएल/टीएलएस, ५८७ ला स्टार्टटीएलएस, एवढं जुळवलं की संपलं. दोन्हीतलं कोणतं घ्यावं विचाराल तर ४६५, जानेवारी २०१८ चा इंटरनेटचा मानक-दस्तऐवज आरएफसी ८३१४ पण तेच सुचवतो, बरीच जुनी गाइड अजून ४६५ कालबाह्य म्हणून सांगतात ते सोडून द्या.

आता अपग्रेडनंतरची गोष्ट, कारण खरी गर्दी तिथे असते. डेबियन १३ या लिनक्सवर गेलात की एका दमात डोव्हकॉट २.३ वरून २.४ वर उडी होते आणि २.४ जुनी कॉन्फिग फाइल घेतच नाही. सर्व्हिस उठत नाही, लोकांना वाटतं टीएलएसचा लोच्या, कारण एरर पहिल्यांदा एसएसएल सर्टच्या ओळीवर दिसू शकतो. तो टीएलएसचा नाही, नावांचा आहे. सगळ्यात वरती डोव्हकॉट कॉन्फिग व्हर्जन ही ओळ लागते, खाली डोव्हकॉट स्टोरेज व्हर्जनही द्यावी लागते. एसएसएल सर्ट आता एसएसएल सर्व्हर सर्ट फाइल झालंय, एसएसएल की ची एसएसएल सर्व्हर की फाइल, आणि आधी पत्त्यापुढे जे लेस-दॅनचं चिन्ह लावायचो ते इथे लावायचं नाही. डिसेबल प्लेनटेक्स्ट ऑथ गेलं, त्याजागी ऑथ अलाउ क्लिअरटेक्स्ट, म्हणजे अर्थ उलटा झाला, आधीचं येस तसंच कॉपी केलंत तर बिनएन्क्रिप्शन पासवर्ड चालू करून बसाल, इथे खरंच दोनदा बघा. मेल लोकेशनचेही तुकडे झालेत, ड्रायव्हर वेगळा पत्ता वेगळा. माझं मत, जुनी फाइल ओळीओळीने सुधारत बसू नका, नवीन पॅकेजची कोरी फाइल घ्या आणि तुमचे आठ-दहा बदल त्यात टाका, अर्ध्या वेळेत होतं. आणि डोव्हकॉन्फ -एन (लागू असलेली सेटिंग दाखवणारी कमांड) चालवून स्वच्छ आलं तरच रिस्टार्ट.

अपग्रेडनंतरची दुसरी तक्रार म्हणजे जुनी मशीन. स्कॅन करून मेल पाठवणारा प्रिंटर, एखादं बिलिंगचं सॉफ्टवेअर जे दहा वर्षांपूर्वी कुणीतरी बसवलं आणि तो माणूस आता फोन उचलत नाही. टीएलएस १.० हे १९९९ चं, १.१ हे २००६ चं, मार्च २०२१ च्या आरएफसी ८९९६ ने दोन्ही अधिकृतपणे निवृत्त केली. पण मेल सर्व्हर बंद करायच्या आधीच ओपनएसएसएल बंद करतो, ओपनएसएसएल ३ मध्ये १.० आणि १.१ चालवायला सिक्युरिटी लेव्हल शून्यावर आणावी लागते, आणि डेबियन सारख्या डिस्ट्रोत लेव्हल आधीपासून २. म्हणून लोक पोस्टफिक्समध्ये एसएमटीपीडी टीएलएस प्रोटोकॉल्सला टीएलएस १ लिहितात, रीलोड करतात, आणि तरी अनसपोर्टेड प्रोटोकॉल. मग शोधून शोधून सिस्टीमची ओपनएसएसएल फाइलच ढिली करतात, म्हणजे एका प्रिंटरसाठी मशीनवरचं सगळंच उघडं. असं करू नका. तो प्रिंटर आतल्या नेटवर्कवर आहे ना, मग त्याच्या एकट्याच्या आयपीला पोस्टफिक्सच्या मायनेटवर्क्समध्ये (विश्वासाच्या पत्त्यांच्या यादीत) टाका आणि पोर्ट २५ वर साधं, बिनटीएलएस, बिनपासवर्ड पाठवू द्या. मोडकं टीएलएस देऊन वर पासवर्ड द्यायचा, त्यापेक्षा पासवर्डच नसलेला आणि एका आयपीला बांधलेला रस्ता मला जास्त प्रामाणिक वाटतो. आतलं नेटवर्क विश्वासाचं नसेल तर मधे एक छोटा रिले (मेल घेऊन पुढे पाठवणारं मशीन) ठेवा. फक्त पोस्टफिक्सपुरती लेव्हल बदलायचीच असेल तर ३.९ पासून टीएलएस कॉन्फिग फाइल नावाचं सेटिंग आहे, त्याने पोस्टफिक्स सिस्टीमच्या फाइलऐवजी स्वतःची वापरतो.

याच्याच उलटी चूक म्हणजे पोर्ट २५ वर खूप कडक होणं. ४६५, ५८७, ९९३ वर आपलेच युजर असतात, तिथे किमान टीएलएस १.२, कसलीही दयामाया नको. पण २५ वर अख्ख्या जगाचे सर्व्हर येतात आणि तिथलं एन्क्रिप्शन मर्जीचं आहे, समोरचा जुना सर्व्हर टीएलएस जमलं नाही तर बऱ्याचदा साध्या अक्षरात तोच मेल पाठवून मोकळा होतो. म्हणजे तुम्ही कमकुवत कुलूप नाकारलं आणि बदल्यात दार उघडं मिळालं. तिथे पोस्टफिक्सची एसएमटीपीडी टीएलएस सिक्युरिटी लेव्हल (वरच्या ओपनएसएसएलच्या लेव्हलपेक्षा वेगळी) "मे", म्हणजे जमलं तर एन्क्रिप्शन, राहू द्या. ज्यांना खरंच बंद दार हवं त्यांच्यासाठी डेन आणि एमटीए-एसटीएस ही एन्क्रिप्शन सक्तीचं करणारी मानकं आहेत, आणि पोस्टफिक्स ३.१० पासून टीएलएस-आरपीटीचा सपोर्टही आलाय, म्हणजे तुमच्याकडून पाठवताना टीएलएस कुठे फेल झालं त्याचा रोजचा रिपोर्ट समोरच्या डोमेनला जाऊ शकतो.

"नो शेअर्ड सायफर" वर थोडं, कारण हे कुणाच्या लक्षात येत नाही. सर्टबॉट २.० पासून नवीन सर्टिफिकेट काढलं तर त्याची प्रायव्हेट की आरएसए या जुन्या प्रकारची नाही, ईसीडीएसए या नव्या प्रकारची बनते. जुन्यांचं रिन्यू आरएसएच राहतं. त्यामुळे वर्षानुवर्षं चालू असलेल्या सर्व्हरवर काही होत नाही आणि नवीन मशीनवर शिफ्ट झालात की, कॉन्फिग अक्षर न अक्षर तीच असताना, एखादा जुना क्लायंट अडतो. तो ईसीडीएसए बोलतच नाही. की-टाइप आरएसए सांगून पुन्हा काढा, किंवा दोन्ही ठेवा, पोस्टफिक्समध्ये एसएमटीपीडी टीएलएस चेन फाइल्समध्ये दोन्ही जोड्या देता येतात आणि डोव्हकॉटमध्ये ऑल्ट सर्टची जागा आहेच.

आणि अगदी नवीन प्रकार, ज्यात एरर येतच नाही, कनेक्शन नुसतं लटकतं आणि टाइमआउट होतं. ओपनएसएसएल ३.५ मध्ये, एप्रिल २०२५ पासून, क्वांटम कॉम्प्युटरला पुरून उरेल असा की-देवाणघेवाणीचा प्रकार, एमएल-केम, आलाय. त्याची एकटी पब्लिक की ११८४ बाइटची, त्यामुळे क्लायंटचा पहिला निरोप एका पॅकेटमध्ये मावत नाही, आणि मधला एखादा जुना फायरवॉल दोन तुकड्यांत आलेला निरोप बघून गप्प बसतो. ठराविकच ठिकाणी पाठवलेले मेल क्यूमध्ये अडकलेत आणि कारण हँडशेकच्या (टीएलएसच्या सुरुवातीच्या बोलणीच्या) टाइमआउटचं आहे, तर एस-क्लायंटला ग्रुप्समध्ये फक्त एक्स२५५१९ (एमएल-केम नसलेली आधीची पद्धत) देऊन तिथे कनेक्ट करून बघा. लगेच जुळलं तर दोष मधल्या डब्याचा. त्या एका डोमेनपुरतं एन्क्रिप्शन टीएलएस पॉलिसी मॅपमध्ये ढिलं करा आणि समोरच्यांना कळवा, सगळ्यांसाठी एमएल-केम काढून टाकायची घाई नको.

एवढं करून अडलं तर विचारा, पण पोस्टफिक्स, डोव्हकॉट, ओपनएसएसएल तिन्हींच्या व्हर्जन द्या, पोस्टकॉन्फ -एन आणि डोव्हकॉन्फ -एन चं आउटपुट द्या, आणि लॉगच्या ओळी पूर्ण द्या, स्क्रीनशॉटमध्ये नेमका अ‍ॅलर्ट नंबर कापला जातो. पासवर्ड आणि डेटाबेसच्या ओळी आधी काढा. आणि प्रायव्हेट की पेस्ट करू नका, हसू नका, मी दोनदा बघितलंय, "पूर्ण फाइल द्या" म्हटलं की लोक खरंच पूर्ण फाइल देतात. चुकून टाकलीच असेल तर पोस्ट डिलीट करून भागत नाही, ते सर्टिफिकेट रिव्होक (रद्द) करून नवीन की सकट पुन्हा काढा. आणि काढल्यावर, हो, रीलोड.